ऊन, वळ आणि न भरणारी जखम

त्वचेच्या कर्करोगावर मराठीत पुस्तक कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या ओळखीपाळखीत कुणाला ना कुणाला झालेला असतो. त्वचेचा म्हटलं की मात्र समुद्रकिनाऱ्यावर ऊन खात पडलेली गोरी माणसं डोळ्यांपुढे येतात. हा समज अगदीच निराधार नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांतल्या निदान दोघांना त्वचेचा कुठला तरी कर्करोग झालेला असतो; भारतात एकूण कर्करोगांमध्ये त्याचा वाटा फार लहान आहे. पण विरळा असल्यामुळेच आपल्याकडे तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो. रुग्ण येतो तो जखम तळहाताएवढी झाल्यावर, जांघेत गाठी आल्यावर. उघड्या डोळ्यांना दिसणारा, बोटाला लागणारा आणि वेळेवर काढला तर बहुतेक वेळा कायमचा बरा होणारा हा रोग आहे. त्यापायी कुणाचा पाय जावा, कुणाचा जीव जावा, हे मला सहन होत नाही. हे पुस्तक लिहिण्याचं कारण एवढंच.

या विषयावर मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशी माहितीपत्रकांवरून उतरवलेलं असतं. उन्हात जाऊ नका, सनस्क्रीन लावा, तिळांवर नजर ठेवा. ज्यांच्यासाठी हा सल्ला मुळात लिहिला गेला त्यांचे जीव त्यानं वाचवले आहेत, यात शंका नाही. पण विदर्भातल्या एखाद्या शेतमजूर बाईच्या हाती तो पडला तर तिला त्यातून काय मिळणार? ऊन टाळणं तिच्या हाती नाही, सनस्क्रीनची बाटली तिच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी, आणि तिच्या शरीरावरच्या धोक्याच्या जागांचा त्यात उल्लेखही नाही. कमरेवर लुगड्याच्या गाठीनं पडलेला वळ, लहानपणी चुलीपाशी भाजलेल्या पायाचा वण, तळपायाची वर्षानुवर्षं वाहणारी जखम, पिण्याचं पाणी. आपल्याकडच्या त्वचेच्या कर्करोगाची बरीच मुळं इथं आहेत, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

तरीही आरंभ उन्हापासूनच करायला हवा, कारण जगभरात या रोगाचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्वचेच्या पेशीत शिरले की तिथल्या डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. पेशीकडे हे बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणा असते आणि ती रोज न थकता काम करते. तरीही एखादा बिघाड नजरेतून सुटतो, पुढच्या पेशीत उतरतो, आणि असे अनेक बिघाड एकाच पेशीत साठले की तिच्या वाढीवरचा लगाम सुटतो. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन इथं कामी येतं. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगाच्या कणांचा आकार, प्रमाण आणि वाटप यांत. हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात आणि आतल्या डीएनएपर्यंत बरंचसं ऊन पोहोचू देत नाहीत.

त्वचेचे मुख्य कर्करोग तीन, आणि उन्हाशी प्रत्येकाचं नातं वेगळं. स्क्वॅमस सेल कर्करोग आयुष्यभर अंगावर पडलेल्या उन्हाच्या एकूण बेरजेबरोबर वाढतो. म्हणून तो शेतकऱ्यांच्या, मच्छीमारांच्या, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या कानावर, खालच्या ओठावर, हाताच्या पाठीवर दिसतो. मेलॅनोमाचा संबंध अधूनमधून घेतलेल्या कडक उन्हाशी आणि विशेषतः लहानपणी त्वचा भाजून निघण्याशी जास्त आहे. बेसल सेल कर्करोग या दोहोंच्या मधला. तो नाकाच्या कडेला किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात मोत्यासारख्या चकचकीत कडेची पुटकुळी होऊन बसतो आणि हळूहळू आतलं मांस पोखरतो. सावळ्या त्वचेवर तो बहुधा काळपट असतो, त्यामुळे घरचे त्याला तीळ समजतात.

ऊन कमी केलं की धोका खरोखर कमी होतो का? याचं खणखणीत उत्तर ऑस्ट्रेलियानंच दिलं. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात 1981 साली सदरा घाला, क्रीम लावा, टोपी चढवा अशी मोहीम सुरू झाली आणि ती एका पिढीच्या अंगवळणी पडली. क्वीन्सलँडमधल्या नंबूर या गावी 1992 पासून सोळाशेहून अधिक प्रौढांवर एक प्रयोग झाला. काहींनी चेहरा, मान, हात यांना रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी आपापल्या सवयीप्रमाणे. चारेक वर्षांत रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल कर्करोगाचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी उतरलं. बेसल सेलवर मात्र परिणाम दिसला नाही. प्रयोग संपून दहा वर्षं उलटल्यावर मोजलं तेव्हा त्या गटातले मेलॅनोमा निम्म्यावर आले होते. सवय बदलून कर्करोग टळतो याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

याच पुराव्याचा आधार घेऊन आपल्याकडे सावळ्या मुलींना कर्करोगाची भीती घालून महागडी क्रीमं विकली जातात, याचा मला संताप येतो. तो प्रयोग गोऱ्या कातडीच्या, उष्ण कटिबंधाजवळ स्थायिक झालेल्या लोकांवर होता. सिडनी-मेलबर्नला गेलेल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावं. तिथल्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये त्वचेच्या रंगानुसार वेगवेगळा सल्ला दिला आहे, कारण गडद त्वचेच्या माणसाला त्या देशात कर्करोगापेक्षा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा त्रास होण्याची शक्यता जास्त. आपल्या शेतात राबणाऱ्यांना मात्र दुपारचं ऊन चुकवणं, दाट विणीचं पूर्ण बाह्यांचं कापड आणि रुंद काठाची टोपी एवढं पुष्कळ आहे. आपली नेहमीची पांढरी टोपी डोकं झाकते. नाक, कान आणि मान उघडीच राहते. जुन्या माणसांचं मोठं मुंडासं आणि बायकांचा पुढे ओढलेला पदर याबाबतीत कितीतरी सरस. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसते तोवर अतिनील किरण सर्वांत प्रखर असतात, ही खूण घड्याळाशिवायही कळते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. माणसाच्या वहिवाटीतून त्वचेचा कर्करोग उद्भवतो हे जगाला पहिल्यांदा कळलं ते लंडनमध्ये. पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकानं 1775 साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाचं कारण काजळीत आहे, असं दाखवून दिलं. भारतात असाच शोधक डोळा होता डॉ. वसंत रामजी खानोलकरांचा. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये उघडलं, आणि तिथल्या प्रयोगशाळेत बसून खानोलकर देशाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या गाठींचे तुकडे तपासत. 1945 साली त्यांनी सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतीय चालीरीतींतून होणारे तीन कर्करोग वर्णिले होते. एक तंबाखू-चुन्याची चिमूट ओठात धरण्यातून होणारा, दुसरा आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा म्हणजे गावठी चिरूट उलटा, पेटलेलं टोक तोंडात धरून ओढण्यातून टाळूला होणारा, आणि तिसरा धोतरामुळे कमरेवर होणारा.

हा तिसरा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. धोतर, लुगडं किंवा परकराची नाडी रोज त्याच रेषेवर, त्याच बाजूला गाठ मारून आवळली जाते. दिवसभर घाम त्या पट्ट्यात मुरतो, धूळ बसते, प्रत्येक वाकण्याबरोबर कापड घासतं. आधी तिथली कातडी काळी पडते, जाड होते, तिला बारीक खवले येतात. काही वर्षांनी त्याच पट्ट्यात मधूनमधून रंग उडून पांढुरके डाग दिसू लागतात आणि कातडी कागदासारखी पातळ होते. खाज येते, खाजवलं की सोलवटतं, आठ दिवसांत बरं होतं, पुन्हा सोलवटतं. कुणी हळद लावतं, कुणी खोबरेल. या सगळ्याला इतकी वर्षं लागतात की बाईला किंवा बुवाला आपल्या कमरेवर असं काही आहे हेच विसरायला होतं. मग एके दिवशी सोललेली जागा भरतच नाही. तिच्या कडा कडक होऊन वर येतात, हात लावला की रक्त येतं, लस वाहते.

ही गोष्ट खानोलकरांच्या काळातली म्हणून सोडून देता येत नाही. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वयस्क ग्रामीण स्त्रियांची हकीकत मांडली. एकीनं जन्मभर परकराची नाडी घट्ट बांधलेली. दुसरी परकराशिवाय, लुगडं घट्ट आवळून नेसणारी. तिचा कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. दोघींनीही जखम दीड-दोन वर्षं अंगावर काढली होती. ‘साडीचा कर्करोग’ असा मथळा तेव्हा बऱ्याच ठिकाणी झळकला आणि तो मला अजिबात आवडला नाही. साडी निर्दोष आहे. दोष आहे तो सुतळीसारख्या बारीक नाडीचा, एकाच जागी पडणाऱ्या दाबाचा आणि दुखत नाही म्हणून न दाखवण्याचा. उपाय फुकटात होणारा आहे. नाडी रुंद पट्टीची घ्यावी, गाठीची बाजू आणि उंची बदलत राहावी, घरात असताना सैल कपडे घालावेत, आणि कमरेचा पट्टा सोलवटू लागला तर तो बरा होईपर्यंत त्या रेषेवर काही बांधू नये.

हीच प्रक्रिया उष्णतेनं होते तेव्हा तिचं रूप आणखी उग्र असतं. काश्मिरात थंडीत फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. वेताच्या विणीत बसवलेलं हे मातीचं भांडं पोटाच्या खालच्या भागाला आणि मांड्यांना शेक देतं, आणि वर्षानुवर्षांच्या त्या शेकानं तिथंच कर्करोग उगवतो. एल्म्स्ली या डॉक्टरानं 1866 साली त्याची नोंद केली होती. आपल्याकडे कांगडी नाही, पण भाजल्याचे वण गावोगाव आहेत: चुलीत पडलेली मुलं, रॉकेलच्या स्टोव्हच्या भडक्यात सापडलेल्या बायका, उकळत्या दुधाची कढई अंगावर घेतलेली पोरं. खोल भाजलेली जागा कातडीचं रोपण न करता आपोआप भरू दिली की तिथं ताठ, आक्रसलेला वण तयार होतो. गुडघ्याच्या मागे, कोपरात असा वण हालचालीबरोबर चिरतो, पुन्हा भरतो, पुन्हा चिरतो. अशा वणात उद्भवणाऱ्या कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. भाजण्यापासून कर्करोगापर्यंत सरासरी तीसेक वर्षं जातात, म्हणून सहाव्या वर्षी भाजलेल्या मुलीला चाळिशीच्या आसपास त्याचा फटका बसतो, आणि तोवर त्या अपघाताची आठवण सांगणारी आईही कधीकधी हयात नसते. उन्हानं होणाऱ्या स्क्वॅमस सेल कर्करोगापेक्षा हा अधिक आक्रमक असतो, लसिका ग्रंथींमध्ये लवकर पसरतो. भाजल्यानंतर सुरुवातीलाच केलेलं कातडीचं रोपण म्हणूनच सौंदर्यासाठीचा खर्च मानू नये. तीस वर्षांनंतरच्या कर्करोगाची शक्यता त्यामुळे उतरते.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या तळपायाच्या जखमाही याच जातीच्या. जंतू औषधानं मरतो, पण बधिर झालेला पाय तसाच राहतो. खडा टोचतो, कळत नाही; जखम होते, दुखत नाही; त्यावर चालत राहिलं की ती दहा-वीस वर्षं वाहते. अशा जखमेत फुलकोबीसारखी वाढ दिसली तर तिला नुसती मलमपट्टी करत बसणं घातक आहे. मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून तपासणं आणि भेगांना तेल, या साध्या गोष्टी कुष्ठसेवेतले जुने कार्यकर्ते कळकळीनं सांगत आले आहेत. त्यात कर्करोगाचाही प्रतिबंध आहे हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पाण्यातल्या आर्सेनिकचा, आपल्या भाषेत सोमलाचा, धोका वेगळ्या वाटेनं येतो. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात रोगजंतू नसलेलं पाणी मिळावं म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. पाणी स्वच्छ दिसतं, चवीत फरक नाही. काही वर्षांनी छातीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन त्यांवर टणक कण उगवतात. पुढे त्यातच, किंवा उन्हाचा संबंध नसलेल्या झाकल्या अंगावर, एकाच वेळी अनेक ठिकाणी कर्करोग दिसू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही हे दूषित पाणी सापडलेलं आहे, तेव्हा हा प्रश्न बंगालचा म्हणून सोडता येत नाही. नळाचं शुद्ध केलेलं पाणी गावात आलं की नव्यानं होणारं नुकसान थांबतं. आधी झालेल्या नुकसानावर मात्र पुढची अनेक वर्षं नजर ठेवावी लागते. सोमल किंवा हरताळ असलेली औषधं ज्यांनी दीर्घकाळ घेतली, त्यांनीही ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

सावळ्या माणसाचा मेलॅनोमा कुठं होतो, हे तर प्रत्येकानं माहीत करून घ्यायला हवं. तो पाठीवरच्या तिळात क्वचित होतो. तळपायाला, तळहाताला, अंगठ्याच्या नखाखाली होतो, जिथं ऊन पोहोचतच नाही. जमैकन गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये तो सापडला. सुरुवातीला ती फुटबॉलची दुखापत समजली गेली. 1981 साली वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. आपल्याकडे तळपायाच्या अशा डागाला कुरूप म्हणून ब्लेडनं तासतात, नखातल्या काळ्या रेषेला ठेच लागून साकळलेलं रक्त म्हणतात. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं. जी काळी पट्टी सरकत नाही, रुंदावते किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरते, ती तपासायलाच हवी.

जन्मानं येणाऱ्या धोक्यांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आजारात डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच सदोष असते. जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये ते दाखवून दिलं. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, त्यामुळे मामे-आते भावंडांत लग्नं होणाऱ्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. वर्ष-दीड वर्षाचं मूल उजेडात डोळे मिटून घेतं, चेहऱ्यावर दाट ठिपके येतात, आणि शाळेच्या वयातच कर्करोग गाठतो. निदान लवकर झालं आणि मुलाला उन्हापासून कसोशीनं जपलं तर आयुष्य कितीतरी लांबतं. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलांनाही उन्हापासून असंच जपावं लागतं; अशा मुलाला शाळेच्या मैदानात कवायतीला उभं करू नये.

कोड असलेल्यांसाठी मात्र दिलासा आहे. अंगावरच्या पांढऱ्या डागांत पुढे कर्करोग होईल या भीतीनं कित्येक मुलींची लग्नं मोडली आहेत. अनेक अभ्यासांत कोड असलेल्यांना मेलॅनोमा इतरांपेक्षा कमी होतो असंच आढळलं आहे. डाग उन्हात चटकन भाजतो म्हणून झाकावा, एवढंच. याउलट मूत्रपिंडाचं रोपण झालेल्यांनी, प्रतिकारशक्ती दडपणारी गोळी चालू असेतोवर, वर्षातून एकदा सगळी त्वचा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. त्यांचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. धूम्रपानानंही स्क्वॅमस सेल कर्करोग वाढतो. विडी आणि ऊन दोन्ही झेलणाऱ्याचा खालचा ओठ सर्वांत आधी बोलू लागतो.

या सर्व प्रकरणांत एक अडथळा पुन्हा पुन्हा भेटेल. ‘सुरी लावली की कर्करोग पसरतो’ ही समजूत. तिच्यापायी तुकडा तपासायला दिला जात नाही, बिब्ब्याचे चटके दिले जातात, भगताचा अंगारा लावला जातो, आणि बरा होऊ शकणारा रोग हाताबाहेर जातो. तुकडा काढल्यानं हा रोग पसरत नाही. न काढल्यानं मात्र तो पसरत राहतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी होते, आणि जागा लहान असताना भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात ती काढून टाकता येते.

वाचकांना माझी विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालताना, पाय चेपताना, नखं कापताना त्यांच्या कमरेवर, जुन्या वणावर, तळपायावर आणि नखांच्या मुळाशी नीट नजर टाका. महिनाभरात न भरलेली जखम दिसली तर मलम बदलत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि तुकडा तपासण्याचा आग्रह धरा.